तैवान : जो आला, तो चव ठेवून गेला

ताई शाकाहारी, मी बीफ सोडून सगळं खाणारी. आम्ही दोघी बहिणी गेल्या नोव्हेंबरात तैवानला जायला निघालो, तेव्हा घरच्यांना एकच काळजी होती, ताई तिथे जेवणार काय? ती काळजी पहिल्याच संध्याकाळी मिटली. पुढचे दिवस आम्ही इतकं आणि इतकं वेगवेगळं खाल्लं, की या प्रवासाची आठवण मला गावांच्या नावांनी कमी आणि ताटांनीच जास्त येते.

तैवान आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम एक अष्टमांश. लोकसंख्या सव्वादोन-अडीच कोटींच्या मध्ये. पण या बेटावर मूळच्या आदिवासी जमाती आहेत, चीनच्या फुजियान प्रांतातून आलेले शेतकरी आणि चीनमधूनच आलेले, हक्का बोली बोलणारे हक्का लोक आहेत. सतराव्या शतकात डच येऊन गेले, 1895 ते 1945 जपान्यांचं राज्य होतं आणि 1949 च्या सुमाराला चीनमधून दहा लाखांहून जास्त सैनिक नि निर्वासित आले. पुस्तकात हा इतिहास नुसता सनावळ्यांचा वाटतो. तिथे मात्र तो सकाळ-संध्याकाळ पानात वाढला जातो.

रविवार, तैपेई

विमानतळावरून मेट्रोने शहरात आलो, हॉटेलात सामान टाकलं आणि संध्याकाळी राओहेचा रात्रबाजार गाठला. तोंडाशीच अठराव्या शतकातलं त्सियो देऊळ आहे. दिव्यांनी उजळलेलं, छपरावर रंगीत ड्रॅगन. देवळाला लागूनच मिरीच्या पावांची गाडी आणि तिच्यापुढे लांबच लांब रांग. रांगेत उभं राहिल्यावर सगळी कृती डोळ्यांसमोर दिसते. एक जण पिठाची पारी हातावर घेऊन तिच्यात काळी मिरी लावलेलं डुकराचं मटण भरतो, वर मूठभर कांद्याची पात दाबतो आणि तोंड मिटवून गोळा तिळांत घोळतो. दुसरा कोळशाच्या मातीच्या भट्टीत कोपरापर्यंत हात घालून ते गोळे आतल्या भिंतीला थापतो. हा तर सरळसरळ तंदूर! पाव बाहेर येतो तो तळाशी करपट-खरपूस, आणि चावला की आतला रस मनगटावर ओघळतो. दोन मिनिटं थांबून खा, नाहीतर जीभ पोळलीच म्हणून समजा.

ताईला सापडले रताळ्याचे गोळे. उकडलेलं रताळं आणि टॅपिओकाचं पीठ मळून केलेल्या लहान गोळ्या मंद तेलात सोडतात. बाई मोठ्या झाऱ्याने त्या कढईच्या कडेला दाबते, सोडते, पुन्हा दाबते. दर दाबाला गोळी आतून पोकळ होत फुगते आणि शेवटी लिंबाएवढी होते. वरून कुरकुरीत, आत नुसती हवा आणि रताळ्याचा गोडवा. ताईने एक पिशवी संपवली आणि म्हणाली, "अगं, आणखी एक घे, तुला म्हणून." ती दुसरी पिशवीही तिनेच संपवली.

शाकाहाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते. तैवानमध्ये बौद्ध शाकाहाराची परंपरा मोठी आहे. अशा खानावळींच्या पाट्यांवर पुष्कळदा चक्क स्वस्तिक असतं, ते दिसलं की निर्धास्त आत शिरावं. बऱ्याच ठिकाणी बुफे मांडलेला असतो, आपण ताट भरायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. या परंपरेत कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय होते. दुकानातल्या पाकिटांवर शाकाहाराचे प्रकार वेगवेगळे छापलेले असतात: अंड्याचा, दुधाचा, कांदा-लसणाचा. मात्र साध्या हॉटेलात "भाजी" म्हणून मागवलेल्या पदार्थात सुकी कोळंबी किंवा चरबी असू शकते. आपल्याला काय चालत नाही ते चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा.

सोमवार, तैपेई

सकाळची न्याहारी सोया दुधाची. एक गोड असतं, ते ताईचं. दुसरं खारं. वाडग्यात व्हिनेगर, कांद्याची पात, सुकी कोळंबी आणि तळलेल्या लांब पावाचे तुकडे घालून वर उकळतं सोया दूध ओततात, ते आपल्यासमोर हळूहळू फाटत जातं आणि मऊ दह्याचा थर धरतं. पहिल्या घासाला मी बिचकले होते, तिसऱ्यापासून ते मला फार आवडलं. सोबत तिळाची भाजलेली चपटी रोटी. ही न्याहारी उत्तर चीनची. 1949 नंतर आलेल्या लोकांनी पोटासाठी ती विकायला सुरुवात केली आणि आता ती सगळ्या बेटाची झाली. तैपेईचे प्रसिद्ध बीफ नूडल्सही याच लोकांचे. त्याआधीच्या शेतकरी घरांत गोमांस खात नसत, कारण ज्या बैलाने नांगर ओढला त्याला कसं खायचं? जुन्या घरांतली वडीलधारी माणसं आजही खात नाहीत. बैलपोळा करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

लोंगशान देवळात आम्ही जरा वेळ जाऊ म्हणून गेलो आणि सकाळभर रमलो. फुजियानहून आलेल्यांनी 1738 मध्ये बांधलेलं हे देऊळ मुळात करुणेची देवता ग्वानयिन हिचं, पण मागच्या दालनांत समुद्राची देवी, विद्येचा देव, लग्न जुळवणारा देव, सगळे आहेत. माझ्या शेजारी एक मुलगी डोळे मिटून पुटपुटत होती. तिच्या ओंजळीत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी तुकडे होते. तिने ते जमिनीवर टाकले. दोन्ही पालथे पडले. पुन्हा पुटपुटली, पुन्हा टाकले. एक उताणा, एक पालथा पडला आणि तिचा चेहरा खुलला. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली की देव "हो" म्हणाला. "अगं, ही कौल लावतेय!" ताई म्हणाली. आमचं आजोळ मालवणकडचं, देवळात कौल लागताना आम्ही लहानपणापासून बघितलेला. त्या मुलीने काय मागितलं ते कळलं नाही, पण तिच्याबरोबर आम्हालाही बरं वाटलं.

दुपारी दिहुआ रस्ता. सुके मशरूम, सुके मासे, औषधी मुळ्या, आंब्याच्या फोडी आणि चहा यांची जुनी घाऊक पेठ. 1869 मध्ये इथल्याच चहाची जहाजं थेट न्यूयॉर्कला गेली आणि "फॉर्मोसा" (तैवानचं युरोपीयांनी दिलेलं जुनं नाव) चहाचं नाव झालं. दुकानदार चव घ्यायला आग्रहाने हातावर काही ना काही ठेवतात. तैपेई 101 संध्याकाळी पाहिलं. 508 मीटर उंच, 2010 पर्यंत ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. वरून दिसणाऱ्या शहरापेक्षा मला आत टांगलेला 660 टनांचा पोलादी गोळा जास्त आवडला. वादळात इमारत झुकू लागली की तो उलट दिशेला झुलून तिला सावरतो.

रात्री हॉटेलच्या गल्लीत बीथोवेनची "फ्युर एलिझ" ऐकू आली. खिडकीतून बघितलं तर कचऱ्याची गाडी! घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन खाली आली, ओला, सुका, पुनर्वापराचा असं वेगवेगळं टाकून, दोन शब्द बोलून परत गेली. रस्त्यांवर कचरापेट्या फारशा नाहीत आणि तरी रस्ते स्वच्छ, त्याचं उत्तर त्या गल्लीत मिळालं. आपल्या जवळ एक रिकामी पिशवी ठेवावी. आणि मेट्रोत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, दंड होतो.

मंगळवार, जिंग्वाशी आणि जिओफेन

रुईफांगपर्यंत ट्रेन, पुढे डोंगरात बस. बेटाच्या या ईशान्य कोपऱ्यात हिवाळ्यात पाऊस ठरलेला असतो आणि तो दिवसभर पडत राहिला. सह्याद्रीतल्या श्रावणासारखा, कधी भुरभुर, कधी सर. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण पायऱ्या अरुंद आहेत आणि छत्र्या एकमेकींत अडकतात.

1890 मध्ये जवळच्या नदीत रेल्वेच्या मजुरांना सोन्याचे कण सापडले आणि या डोंगरांचं नशीब पालटलं. जिंग्वाशीच्या संग्रहालयात 220 किलोची सोन्याची वीट ठेवली आहे. काचपेटीच्या भोकातून हात घालून तिला हात लावता येतो. ताईने दोन्ही हात ठेवले आणि मागची रांग चुळबुळायला लागेपर्यंत काढले नाहीत. सोनं इतकं गार लागतं हे मला माहीत नव्हतं. खाली थोडं चालत गेलं की युद्धकैद्यांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापुरात पकडलेल्या ब्रिटिश सैनिकांना जपान्यांनी इथल्या तांब्याच्या खाणीत राबवलं. कित्येक परतले नाहीत. त्या पावसात आम्ही दोघीच तिथे होतो. सोन्याची वीट बघून लगेच परतणाऱ्यांनीही एवढं चालून जावं, असं मला मनापासून वाटतं.

जिओफेन म्हणजे लाल कंदील, दगडी पायऱ्या आणि गर्दी. 1971 मध्ये खाण बंद पडली, गाव ओस पडलं. 1989 च्या "अ सिटी ऑफ सॅडनेस" या चित्रपटाचं चित्रण इथे झालं आणि लोक पुन्हा येऊ लागले. दुपारी गर्दीत जीव घुसमटतो. चारनंतर सहलींच्या बसगाड्या निघायला लागल्या की थांबावं.

इथला एक पदार्थ मात्र गर्दीत उभं राहूनही खाल्लाच पाहिजे. दुकानदारापुढे शेंगदाण्याच्या चिक्कीची मोठी लादी असते. तिच्यावर तो सुताराचा रंधा फिरवतो, खरोखर रंधाच, आणि चिक्कीचा भुगा पातळ पोळीवर पडतो. त्यावर अळकुडीच्या आइस्क्रीमचे गोळे, त्यावर कोथिंबीर, आणि मग गुंडाळी. आइस्क्रीमवर कोथिंबीर बघून ताईने मान हलवली. एक घास खाल्ला आणि माझ्या हातची गुंडाळीही घेतली. अळकुडीच्या आणि रताळ्याच्या चिवट गोळ्याही मिळतात, आल्याच्या गोड गरम पाण्यात. पावसात भिजलेल्याला याहून चांगलं काही नाही.

बुधवार आणि गुरुवार, सन मून लेक

ताइचुंगपर्यंत हायस्पीड रेल्वे. जपानी शिंकान्सेन बुलेट ट्रेनच्या तंत्रावरची ही गाडी 2007 पासून धावते. ताशी 300 किलोमीटर वेग, आणि खिडकीत ठेवलेला कागदी पेला हलला नाही. परदेशी प्रवाशांना तिकिटात सवलत मिळते, ती आधी ऑनलाइन घ्यावी. पुढे बसने दोन तासांच्या आत तळं.

साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवरचं हे बेटावरचं सर्वांत मोठं तळं. सकाळी पाणी दुधी असतं, दहा वाजता हिरवं, दुपारनंतर डोंगरावरून ढग उतरतात. होडीचा पास काढून तिन्ही धक्क्यांवर उतरलो. एका धक्क्यावर मशरूम आणि चहात उकळलेली अंडी मिळतात. कवचाला तडे देऊन रात्रभर मुरवलेली, सोलली की पांढऱ्यावर तपकिरी नक्षी. इता थाओ या धक्क्यावर थाओ जमातीचं गाव आहे. ही जमात उणीपुरी काही शे माणसांची. जपान्यांनी 1934 मध्ये वीजनिर्मितीसाठी तळ्याची पातळी वाढवली, तेव्हा त्यांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. त्यांच्या दुकानांतून वऱ्याच्या जातीच्या भरड धान्याची दारू आणि बांबूत शिजवलेला भात मिळतो. भात ताईलाही चालला.

पण मला सांगायचं आहे ते चहाचं. गुरुवारी सकाळी शेजारच्या युचीमधल्या एका चहा कारखान्यात गेलो. लाकडी मजल्यावर पानं सुकायला पसरलेली, खाली वळायची यंत्रं घरघरत होती आणि सगळ्या इमारतीला ओल्या गवताचा नि गुळाचा वास. इथली जुनी झाडं आसामची. 1920 च्या दशकात जपान्यांनी आसामचं बी आणून इथे रुजवलं. आराई कोकिचिरो नावाच्या जपानी संशोधकाने इथल्या चहा केंद्रात आयुष्य घातलं. युद्ध हरल्यावर बाकीचे जपानी मायदेशी परतले, तो मागे राहिला आणि 1946 मध्ये मलेरियाने इथेच वारला. पुढे हा चहा मागे पडला, लोकांनी सुपारी लावली. मग 21 सप्टेंबर 1999 ला भूकंप झाला, बेटावर सुमारे 2,400 माणसं गेली आणि हा भाग उद्ध्वस्त झाला. सावरताना इथल्या शेतकऱ्यांनी पुन्हा चहा धरला. त्याच वर्षी ब्रह्मदेशचं झाड आणि तैवानचं रानटी झाड यांच्या संकरातून 18 क्रमांकाचा वाण आला होता. दालचिनी आणि पुदिना घातल्यासारखी चव, प्रत्यक्षात काहीही न घालता.

चहा करून देणाऱ्या तरुण मुलीने आम्ही भारतातल्या, असं कळल्यावर आसामचा एक प्याला मुद्दाम वेगळा केला. दूध नाही, साखर नाही. ताईने घोट घेतला, खिडकीबाहेरच्या मळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे ही आपल्याकडचीच लेक, इथे नांदतेय." मी ते फोनवर भाषांतर करून दाखवलं. ती मुलगी आत गेली आणि तिच्या आजीला घेऊन आली. आजीने ताईचा हात धरला, काहीतरी बराच वेळ बोलली आणि चहाची एक पुडी हातात कोंबली. पैसे घेतले नाहीत.

रात्री चियायीला मुक्काम. भातावर टर्की पक्ष्याच्या मांसाचे धागे, वर तेल आणि तळलेला कांदा, हे इथलं रोजचं जेवण. साधं आणि चविष्ट.

शुक्रवार, आलिशानची गाडी

चियायी समुद्रसपाटीपासून 30 मीटरवर, डोंगरावरचं आलिशान 2,216 मीटरवर. मध्ये 70 किलोमीटरहून थोडा जास्त रूळ. जपान्यांनी लाकूड उतरवायला ही रेल्वे बांधली, 1912 मध्ये ती सुरू झाली. आपली नेरळ-माथेरान 610 मिलिमीटर रुंदीची, ही 762. 2009 च्या मोराकोट वादळात दरडींनी मार्ग तोडला आणि चियायी ते आलिशान सलग प्रवास जुलै 2024 मध्ये, पंधरा वर्षांनी, पुन्हा सुरू झाला. म्हणून तिकिटं मिळणं अवघड. ती प्रवासाच्या साधारण दोन आठवडे आधी खुली होतात आणि लगेच संपतात.

जवळजवळ पाच तासांचा हा प्रवास माझ्यासाठी सहलीतला सर्वांत आनंदाचा भाग. इंजिन मागे असतं, ते गाडी वर ढकलतं. सुरुवातीला केळी, सुपारी आणि बांबू. मग दुलीशानचा डोंगर येतो आणि गाडी त्याला गोल गोल वेढे घालत चढते. आत्ताच मागे टाकलेलं स्टेशन खाली पुन्हा दिसतं, आणखी खाली पुन्हा दिसतं. डब्यातले आजोबा प्रत्येक वेळी बोट दाखवत होते आणि सगळा डबा त्या बाजूच्या खिडक्यांना लागत होता. वर चहाचे मळे, मग धुकं, मग देवदाराच्या जातीची सरळसोट झाडं. शेवटच्या टप्प्यात गाडी थांबते, उलटी चालते, पुन्हा पुढे, अशी नागमोडीने चढते.

मध्ये 1,403 मीटरवर फेनचिहू स्टेशन. पूर्वी चढणारी आणि उतरणारी गाडी दुपारी इथे भेटायच्या, म्हणून इथला डबा प्रसिद्ध झाला. अजूनही मिळतो. भात, तळलेलं डुकराचं मटण, कोंबडीचा पाय, कोबी, बांबूचे कोंब. ताईसाठी शाकाहारी डबा विचारला तर मशरूम आणि टोफूचा मिळाला, गरम. "बेन्तो", म्हणजे डब्यातलं जेवण, ही सवय जपान्यांची, डोंगर आणि बांबू इथले.

वरचं जंगल प्रचंड लाल सायप्रसचं. जे उरलंय ते. हजार-दोन हजार वर्षांची झाडं तोडून जपानला नेली, त्यांचे खोलीएवढे बुंधे वाटेवर जागोजाग आहेत आणि त्यांच्यातून नवी झाडं वर आली आहेत.

शनिवार, जूशान ते ताईनान

पहाटे पाचच्या सुमाराला जूशानची गाडी, सूर्योदय बघायला. वेळ रोज बदलते, आदल्या संध्याकाळी स्टेशनवर लावतात. 2,451 मीटरवर थंडी सहा-सात अंश, जाड स्वेटर न्यावंच. समोर युशान, 3,952 मीटर, बेटाचं सर्वांत उंच शिखर. आकाश कधीच उजळतं, पण सूर्य त्या डोंगरामागून येतो म्हणून सगळे वाट बघत राहतात. मग खिंडीत एक ठिणगी दिसली आणि दोनशे माणसांच्या तोंडून एकच "ओऽऽ" निघालं. खाली दरीभर ढग होते.

दुपारपर्यंत बसने खाली उतरून संध्याकाळी ताईनानला. स्वेटर काढून सुती कपडे.

रविवार, ताईनान

हे तैवानचं सर्वांत जुनं शहर आणि खाण्यासाठी तैवानी लोकही इथेच येतात. 1624 मध्ये डचांनी इथल्या आनपिंग भागात किल्ला बांधायला घेतला. 1662 मध्ये नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर कोशिंगा या चिनी सेनापतीने त्यांना घालवलं. किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे, वर वडाची मुळं पसरलेली. त्या विटा काकवी, चिकट भाताची पेज आणि शिंपल्यांचा चुना यांनी सांधल्या आहेत. या शहरात भिंतसुद्धा गोडावर उभी! ऊस आणि साखर हा डचांचा इथला एक मोठा धंदा होता, आणि आजही ताईनानच्या तिखटा-मिठाच्या पदार्थांत बाकी बेटापेक्षा साखर जास्त पडते. सीताफळही डचांनी आणलं असं मानतात. आमच्याकडल्यापेक्षा मोठं, भरगच्च गराचं, बाजारात ढीग लागले होते. शेजारी उकडलेले शिंगाडे, जवळच्या ग्वानतिएनचे.

दुपारी दानत्साय नूडल्स. वादळांच्या महिन्यांत समुद्र बंद असायचा, तेव्हा कोळी खांद्यावरच्या कावडीतून हे विकायचे. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या पाहिलेल्यांना ती गरज लगेच कळेल. 1895 पासून चालू असलेल्या दुकानात आचारी अजूनही जमिनीलगत बसून, बुटक्या चुलीवर एकेक वाडगा करतो: नूडल्स, कोळंबीच्या सालांचा रस्सा, डुकराच्या मटणाचा खिमा, वर एकच कोळंबी. वाडगा छोटा, कारण तो मधल्या वेळेचाच. दोन खावेत.

संध्याकाळ एका जुन्या फळांच्या दुकानात गेली. ताईने टोमॅटोची बशी मागवली. हिरवट-लाल टोमॅटोच्या फोडी आणि सोबत वाटीत दाट सोया सॉस, किसलेलं आलं, साखर आणि ज्येष्ठमधाची पूड, हे सगळं कालवलेलं. आंबट, गोड, खारट, आल्याचा झणका. दुकानातल्या आजी आमच्या तोंडाकडेच बघत होत्या. ताईने अंगठा वर केल्यावर त्यांनी वाटी पुन्हा भरून आणली आणि आल्याकडे बोट दाखवून मान डोलावली, टोमॅटो थंड प्रकृतीचा, आलं उष्ण, म्हणून दोन्ही एकत्र, असं त्यांनी फोनवर भाषांतर करून सांगितलं. आमची आजीही हेच म्हणायची. घरी आल्यापासून ताई टोमॅटो असाच खाते. ज्येष्ठमध आयुर्वेदिक दुकानात मिळतं.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल चांगले, जुलै ते सप्टेंबर वादळांचे. तैवानचं कार्यालय 2024 पासून मुंबईतही आहे, व्हिसाचे चालू नियम तिथेच बघावेत. रात्रबाजारात रोख लागते. खरेदीची प्रत्येक पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकाची दर दोन महिन्यांनी सरकारी सोडत निघते आणि परदेशी माणसालाही बक्षीस लागू शकतं. आणि मार्ग आखताना आधी आलिशानच्या गाडीचं तिकीट घ्या, बाकीचे दिवस त्याच्या पुढे-मागे बसवा.